ओरडून सांगता येत नाही ते

पोंक आला. म्हणजे सुरतेत थंडी पडली असं समजायचं. इथं थंडीचा दुसरा पुरावा सहसा मिळत नाही. कोवळी ज्वारी भाजून, चोळून, हिरवे दाणे विकायला बसलेली माणसं रस्त्याकडेला दिसायला लागली, की पांडेसऱ्यातल्या रंगाच्या कारखान्यांच्या उग्र वासातही दोन महिने एक धुरकट गोडसर वास मिसळलेला असतो. आमच्या घरी त्याला हुरडाच म्हणतात. वडील शिरपूरकडून इथं येऊन तीस वर्षं झाली, तरी पोंक हा शब्द गाडीवाल्यापुरता. पिशवी उंबऱ्याच्या आत आली की त्याचा हुरडा होतो. वर घालायची लिंबू-मिरीची शेव मात्र सुरतेची. तेवढी तडजोड आम्ही केलेली आहे.

स्पष्टच सांगते, मी असलं काही लिहीत नाही. मी पत्रकं लिहिते. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ इथून सुरू होणारी, एका पानात मावणारी, ओळीला एक उद्गारचिन्ह असलेली. ऋतूंवर लिहिणाऱ्यांचा मला रागच येतो. ज्याला लूमसमोर बारा तास उभं राहायचं नाही, त्यालाच थंडी गुलाबी दिसते. पण तीन वर्षांपूर्वीचा पोंकाचा मोसम माझ्या मागे लागला आहे, आणि तो एका पानाच्या पत्रकात बसत नाही. बसवून पाहिला. उद्गारचिन्हं उरली, गोष्ट निघून गेली.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला, पतंगांचा मांजा अजून विजेच्या तारांवर लोंबत असताना, आमच्या बमरोलीत सहा परदेशी मुलं-मुली आली. फिलिपिन्समधल्या कुठल्याशा चर्चकडून सेवा करायला, शिकायला आलेली तरुण मंडळी. त्यांतल्या दोघी नर्सिंगच्या विद्यार्थिनी. त्यांना सांभाळायला सायमनकाका होते, सोनगडकडचे गामीत आदिवासी, इथल्या एका छोट्या प्रार्थनाघराचे वडीलधारे. काकांनी त्यांना पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती: पुस्तकं वाटायची नाहीत, धर्माचा विषय आपण काढायचा नाही, ब्लड प्रेशर बघायचं, कान बघायचे, हालहवाल विचारायची, निघायचं. आमच्या खोल्यांच्या लाइनीतल्या पोरांनी तरी विचारलंच, धरम बदलायला आलेत का म्हणून. काका शांतपणे म्हणाले, “आधी बी.पी. बदलू दे.”

मी त्यांत कशी? आमच्या संघटनेला लूमवर काम करणाऱ्यांपैकी कुणाकुणाचे कान गेलेत त्याची यादी हवी होती. मिलचा डॉक्टर कान तपासत नव्हता, कारण तपासलं तर सापडलं असतं. या दोन मुली तपासायला तयार होत्या, त्यांना भाषा येत नव्हती. मला इंग्रजी येत होतं, अहिराणी घरचीच. असा सौदा ठरला. मी देव मानत नाही, तेव्हाही नव्हते मानत. सकाळी निघण्याआधी ती सहा जणं गोल उभी राहून डोळे मिटायची, तेव्हा मी बाहेर चपला घालून उभी असायची आणि माझ्या अर्जाचे कागद मोजत असायची.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी ग्रेस. बुटकी, हसरी, गळ्यात स्टेथोस्कोप कायमचा. मोठं माणूस दिसलं की त्याचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला टेकवायची. त्यांच्याकडे नमस्काराची तशी रीत आहे. पहिल्या दिवशी लाइनीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चौथ्या दिवशी तिला दुरून बघूनच म्हाताऱ्या हात पुढे करायला लागल्या. मला हे आवडलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही.

मला खटकायची ती तिची वही. तपासणी झाली की ग्रेस एक प्रश्न विचारायची आणि मला तो रोज वीस दारांत भाषांतर करावा लागायचा: तुमच्यासाठी आम्ही देवाकडे काय मागू? लोक सांगायचे. पोराचा दहावीचा निकाल, सासूचा गुडघा, गावाकडच्या विहिरीचं पाणी. ती सगळं नावानिशी वहीत उतरवायची. रात्री जेवणाआधी ते सगळे मिळून एकेक नाव वाचून प्रार्थना करायचे. आणि पुढच्या आठवड्यात त्याच दारात जाऊन विचारायचे, उत्तर आलं का? हे मला भयंकर वाटायचं. पोस्टमन विचारतो तसं! माझं म्हणणं साधं होतं. या माणसांना प्रार्थना नकोत, मागण्या हव्यात. देवाकडे कशाला, सेठकडे मागा. सेठचा पत्ता तरी माहीत आहे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही कमलमावशीच्या खोलीवर गेलो. आमच्या घरापासून चार दारं सोडून राहणारी, बाहेर माझ्या आईसोबत बसून साडीवर टिकल्या चिकटवणारी. तिचा नवरा पंडितनाना लूमवर बावीस वर्षं. नानांचे कान गेलेत हे सगळ्या लाइनीला माहीत होतं, कारण मावशी त्यांच्याशी बोलली की सगळ्या लाइनीला ऐकू जायचं. लूमच्या खात्यात एरवीही कुणी तोंडानं बोलत नाही, तिथं खाणाखुणा चालतात. धागा तुटला, चहा आला, खात्याचा मास्तर येतोय, या सगळ्याला खूण आहे. नाना घरीही तेवढ्याच खुणांवर जगत होते.

ग्रेसनं त्यांच्या कानाशी चुटक्या वाजवल्या, घंटी वाजवली, माझ्या अर्जावर मी खुणा केल्या. मग तिनं मावशीला तो नेहमीचा प्रश्न विचारला. मावशीनं हातातली टिकली तशीच धरली.

“देवले एवढंच सांगा,” ती म्हणाली, “माले एकडाव तुना नानासंगे हाळू बोलता येऊ दे.”

पुढचं तिनं माझ्याकडे बघत सांगितलं. नानांनी आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की कायमचं गावाला जायचं ठरवलं होतं. तिला जायचं नव्हतं. का ते तिला सांगायचं होतं, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की ते सांगणं राहत नाही, भांडण होतं. आणि काही गोष्टी दहा बाय दहाच्या खोलीत, पातळ भिंतींच्या लाइनीत, ओरडून सांगता येत नाहीत.

मी भाषांतर वेगळंच केलं. मी ग्रेसला सांगितलं: हिच्या नवऱ्याचे कान मिलमुळे गेले, आता त्याला गावाला परत जावं लागतंय, तिचं म्हणणं आहे की मालकानं त्याची तपासणी करून त्याला कानाचं मशीन द्यावं. यातलं शेवटचं वाक्य पूर्ण माझं होतं. मला वाटलं, तिला हेच म्हणायचं असणार, फक्त म्हणता येत नाहीये. गरिबाला काय म्हणायचं आहे ते गरिबापेक्षा आपल्याला जास्त कळतं, हा आमच्या धंद्यातला जुना आजार. देवाच्या माणसांनाच तो असतो असं मी तोवर समजत होते.

ग्रेसनं लिहून घेतलं. मान हलवली. रात्री त्या सहा जणांनी डोळे मिटून कुठल्याशा सेठच्या मनात दया यावी म्हणून प्रार्थना केली असणार. मावशीनं मागितलेलं देवाच्या कानावर गेलंच नाही. देव आहे की नाही हा वेगळा मुद्दा, पण असता तरी त्याला चुकीचा कागद पोचला होता.

आठवड्यानं ग्रेस उत्तर विचारायला परत आली. एव्हाना तिला थोडं हिंदी यायला लागलं होतं आणि ते वापरायची तिला हौस होती. मी दोन दारं मागे कुणाचा तरी अर्ज भरत होते. नळाला पाणी आलेलं, बायका हंडे घेऊन उभ्या, आणि तिथं मावशीला बघून ग्रेसनं आनंदानं विचारलं, “मौसी, सेठ ने नाना को मशीन दिया?”

मावशीला काही कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कागदात डोकं घातलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं.

नळावरचं बोलणं संध्याकाळपर्यंत लूमच्या खात्यात जातं. मास्तरनं नानांना सगळ्यांसमोर खूण केली: एक बोट कानाला, दुसऱ्या हाताचा तळवा पसरलेला. नाना असे, की जन्मात कुणापुढे हात पसरला नाही. सणाची मिठाईसुद्धा दुसऱ्यांना आधी घेऊ द्यायचे. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आले ते ओरडतच. मावशीही ओरडली. ओरडल्याशिवाय त्यांना ऐकूच गेलं नसतं. अख्खी लाइन आपापल्या दारात उभी. मीही उभी होते. माझ्या नावानं त्या परक्या पोरीजवळ मागणं काय लिहवतेस, आखाजी नको आणि काही नको, या रविवारीच निघायचं, असं नानांनी जाहीर केलं आणि पत्र्याची पेटी खाली काढली.

दुपारी मी मावशीकडे गेले. ती टिकल्या चिकटवत बसली होती, मान वर केली नाही.

“मन्हं बोलनं तू कोठे टाकी दिन्हं?” तिनं विचारलं.

 मोर्चात पोलिसांनी विचारलेल्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं असतात. मी म्हटलं, मी चिठ्ठी लिहून देते, नाना वाचतील. ती म्हणाली, नवऱ्याले काय चिठ्ठी देवानी, पत्रक शे का ते? मग बराच वेळ आम्ही दोघी टिकल्या चिकटवत राहिलो. डिंकाचा वास, भिंतीपलीकडच्या लूमची खटाखट, पेटीवर घडी घातलेली तिची दोन लुगडी. आणि मग तिनं मला हळू आवाजात ते कारण सांगितलं.

त्यांना मूल नाही. गावी दिराच्या घरात, पाचवीच्या पूजेत, हळदीकुंकवात, ओटी भरताना तिला एक पाऊल मागे उभं राहावं लागतं. कुणी बोलतं, कुणी बोलत नाही, नुसतं ताट पुढे नेतं. सुरतेत तिला कुणी तसं म्हणालं नाही. इथं सगळे परमुलखातले. कुणाच्या घरात किती माणसं आणि का, हे विचारायला कुणाला वेळ नाही. लाइनीतली निम्मी पोरं तिच्या मांडीवर झोपलीत, मीसुद्धा. बावीस वर्षांत नानांना तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. आधी लाजेनं नाही. आणि सांगावंसं वाटलं तेव्हा त्यांचे कान गेलेले.

हे दहा घरांना ऐकू जाईल असं कसं ओरडायचं?

त्या संध्याकाळी मी ग्रेसला रस्त्यावर पोंकाच्या गाडीपाशी नेलं आणि मी काय केलं ते सांगितलं. ती दाणे तोंडात टाकत ऐकत होती. त्यांच्याकडे कोवळा भात कांडून असाच खातात, असं म्हणाली. मला वाटलं होतं ती मला माफबिफ करेल, आणि त्याचा मला राग येईल. तसं काहीच झालं नाही. तिनं तिच्या आईबद्दल सांगितलं. आई आखातात एका घरात कामाला, बारा वर्षं. रात्री एका खोलीत आठ बायका झोपलेल्या, त्यामुळे फोनवर ती कुजबुजायची. इकडे ग्रेस फोन कानात रुतेल एवढा दाबून ऐकायची आणि तरी निम्मं ऐकू यायचं नाही. “मी ‘हो’ म्हणायचे,” ती म्हणाली. “कशाला हो म्हणतेय ते मला माहीत नसायचं.” मग तिनं वही काढली, माझं वाक्य खोडलं आणि पेन माझ्या हातात देऊन म्हणाली, आता तिचं लिही.

शनिवार त्यांचा सुरतेतला शेवटचा दिवस. नानांची रात्रपाळी असल्यानं ते दुपारी घरी होते, पेटी बांधलेली. आम्ही दोघी आत गेलो. ग्रेसनं त्यांचा हात कपाळाला लावला. नाना तिच्यावर रागावलेले नव्हते. रागवायचं ते माझ्यावर, आणि तेही माझ्याकडे न बघता. मी मावशीसमोर बसले आणि तिचं ते हळू बोलण्याचं वाक्य तिच्या शब्दांच्या क्रमानं ग्रेसला सांगितलं. एकही शब्द वर नाही, एकही खाली नाही. माझ्या आयुष्यात एवढं अवघड काही मी लिहिलेलं किंवा बोललेलं नाही.

मला वाटलं आता ती डोळे मिटणार. तिनं वही मिटली. गळ्यातला स्टेथोस्कोप काढला. नानांनी सवयीनं बाही वर करून हात पुढे केला. ग्रेसनं नकारार्थी मान हलवली आणि नळीची दोन टोकं त्यांच्या कानांत घातली. मग छातीवर लावायच्या चकतीवर बोटानं अगदी हलकं टिचकी मारली. नाना दचकले. त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी आलं की काय म्हणून.

तिनं ती चकती मावशीच्या हातात दिली, ओठांपाशी कशी धरायची ते दाखवलं, आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. पडदा मी ओढून घेतला.

बाहेर हिवाळ्यातलं पांढरट ऊन होतं. त्यांच्यातला एक मुलगा पोरांना कागदाची होडी करून दाखवत होता, गटाराच्या पाण्यात सोडायला. सायमनकाका ओट्यावर बसून चहा पीत होते. आतून काहीच आवाज येत नव्हता. मी दारापासून दोन हातांवर उभी, भाषांतरकार, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. नळावरच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. चहा संपला. होडी बुडाली. दुसरी झाली.

आणि मग नानांचा आवाज आला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही.

“मंग पहिलेच काबर नही सांगं?”

सगळी लाइन थांबली. हंडा भरून वाहायला लागला तरी कुणी नळ बंद करेना.

“रडू नको,” नाना आतून ओरडत होते. “नही जानं. नही जानं गावले, मी काय सांगी ऱ्हायनू?”

लाइनीला उत्तर ऐकू गेलं. प्रश्न काय होता ते कुणालाच कळलं नाही. पुढचे कितीतरी दिवस बायका माझ्या आईला विचारत होत्या, ती रबरी नळीत असं काय म्हणाली म्हणून. आईलाही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मी गप्प बसू शकते हे माझ्या घरच्यांना त्या महिन्यात प्रथमच कळलं.

ग्रेस स्टेथोस्कोप तिथंच ठेवून गेली. तिच्या मते त्या दुपारी प्रार्थनेला उत्तर मिळालं. माझ्या मते ती रबराची नळी होती आणि थोडी अक्कल. हा वाद अजून मिटलेला नाही. वर्षातून दोनदा फोनवर आम्ही तो काढतो. तिचा धर्म तिच्याकडे, माझा नकार माझ्याकडे. फक्त एक बदललं. कुणाचं म्हणणं लिहून घेते तेव्हा मी आता शेवटी ते त्यांना वाचून दाखवते आणि विचारते, हेच म्हणालात ना? यात फार वेळ जातो. संघटनेतले दादा कुरकुरतात.

आणि राग गेला असं कुणी समजू नये. एका नर्सिंगच्या मुलीनं पाच मिनिटांत जे केलं, ते करायला बावीस वर्षांत एका मिलला वेळ झाला नाही. कानात घालायची साधी बोंडंसुद्धा आजही मागून मागून मिळतात, आणि मिळतात ती एकाच मापाची. कानाच्या तपासणीची मागणी यंदाच्या पत्रकातही पहिल्या ओळीत आहे. ती मी ओरडूनच मागणार. ती ओरडूनच मागायची गोष्ट आहे. पण प्रत्येक गोष्ट तशी नसते, एवढं मला कळायला तो मोसम जावा लागला.

परवा पोंक घेऊन मावशीकडे गेले. नाना लूमवरच आहेत, पेटी माळ्यावर परत गेली आहे. स्टेथोस्कोप कॅलेंडरच्या शेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. असतो म्हणजे, घरी असला तर. लाइनीत तो आता उसना जातो. शेवटच्या खोलीतली यवतमाळची बाई आदल्याच दिवशी घेऊन गेली होती. तिचाही नवरा लूमवर. विरजण मागावं तसा मागतात, धुऊन-पुसून परत आणून देतात. कशाला हवा, असं कुणी कुणाला विचारत नाही. लाइनीत एवढी एकच गोष्ट आहे जिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

मी मावशीला म्हटलं, मला हे लिहायचंय. कारणासकट. तिनं दाण्यांतली साल फुंकून उडवली, मूठभर हुरडा माझ्या हातावर ठेवला, आणि विचार करत राहिली. तीन वर्षांत नानांखेरीज आणि माझ्याखेरीज कुणाला ते माहीत नाही. मी म्हटलं, नको असेल तर नाही लिहीत. नाव बदल, ती म्हणाली. बाकी जसं सांगितलं तसं, मागल्या वेळेसारखं नको. मी उठले, चपला घातल्या. तिनं दारातून पुन्हा हाक मारली.

“लिख,” ती म्हणाली. “पन हाळू लिख.”